उपाशी पेशी

कॅन्टीनमधून मागून आणलेल्या उलथन्याने बाईंनी फ्रीजरच्या तळाचा बर्फ खरवडला आणि एक चपटा डबा सुटा केला. आत इवल्याशा कुप्या, झाकणांवर त्यांच्याच तरुण अक्षरातल्या तारखा. सव्वीस वर्षांपूर्वीच्या.

"तात्या, हे बघा कोण भेटलं."

तात्या म्हणजे प्रयोगशाळेचे सहायक. बाईंच्या आधी दोन वर्षं रुजू झालेले आणि ते कुणाला विसरू न देणारे. फ्रीजर आजच रिकामा करून द्यायचा होता. बाई निवृत्त होत होत्या आणि त्यांच्या खोलीत उद्यापासून झेरॉक्सचं मशीन बसणार होतं. त्याचा उपयोग निदान सगळ्यांना कळत होता.

बाईंचा विषय साखर. चहातली नव्हे, पेशीच्या अंगावर झाडाच्या फांद्यांसारखी वाढलेली. नातेवाइकांना हे समजावण्याचा नाद त्यांनी कधीच सोडला होता. भावजय अजूनही त्यांना मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल विचारी. त्या फांद्यांच्या टोकाची एक साखर माणसाची पेशी स्वतः घडवत नाही, जनावरांच्या खुराकातून उसनी घेते, असं जग म्हणत होतं. बाई म्हणाल्या, घडवते. पुरावा या डब्यात होता. पाच दिवस सीरमशिवाय, म्हणजे वासराच्या रक्तातून काढलेल्या खुराकाशिवाय, ठेवलेल्या पेशी. खुराक बंद, तरी साखर हजर. म्हणजे घरचीच.

त्या एका निबंधावर सगळी कारकीर्द उभी होती. पुढे तो प्रयोग दुसऱ्या कुणालाच जमला नाही. सात प्रयोगशाळांनी तसं कळवलं. बाईंनी सातही ठिकाणी नम्र उत्तर धाडलं, की हात स्वच्छ ठेवावेत. आठव्या प्रयोगशाळेने पत्र लिहायचे कष्टच घेतले नाहीत. अनुदान आटलं, विद्यार्थी पांगले. एक दिवस लोकांना पटेल, एवढं मात्र बाईंनी धरून ठेवलं होतं.

तात्यांनी चष्मा कपाळावर सारून डबा डोळ्यांशी नेला.

"या होय! उपाशी ठेवलेल्या. काय हाल झाले होते हो बिचाऱ्यांचे. तुम्ही परिषदेला गेला होतात तेव्हा."

"मग?"

"मग काय? तिसऱ्या दिवशी बघतो, तर नुसत्या आकसलेल्या. म्हटलं, बाई येईपर्यंत मेल्या तर माझी धडगत नाही. घातलं थोडं."

"काय घातलं?"

"सीरम हो. इवलंसं. अशा तरारल्या म्हणता!"

बाईंच्या हातातलं उलथनं बर्फावर टेकलं ते तिथेच राहिलं.

"किती कुप्यांना?"

"सगळ्यांना. एकीला द्यायचं नि दुसरीला नाही, बरं दिसतं का ते?"

"मला बोलला नाहीत."

"बोलणार होतो. पण आल्या आल्या तुम्ही मायक्रोस्कोपला डोळा लावलात आणि चक्क नाचलात. म्हटलं, जाऊ दे." तात्या हसले. "आणि मग निबंधात माझंही नाव घातलंत. चौथं. फ्रेम करून लावलाय घरी. सूनबाई रोज पुसते."

ते रिकामी खोकी आणायला गेले. बाईंनी हातमोजे काढले, एकात एक नीट घातले आणि स्टुलावर बसल्या. डब्यावरचा बर्फ वितळून टेबलावर ओघळ आला. तो त्यांनी पुसला नाही. पत्र लिहिणाऱ्या त्या सातांपैकी तिघे आता हयात नव्हते.

मग त्यांनी कागद ओढला आणि मासिकाच्या संपादकांना लिहिलं, की निष्कर्ष चुकीचा होता, निबंध मागे घ्यावा. उपाशी म्हणून दाखवलेल्या पेशींना सीरम मिळालं होतं. इथे पेन बराच वेळ थांबलं. मग त्यांनी पुढे लिहिलं: 'ते मीच घातलं होतं. इतर लेखकांचा या चुकीशी संबंध नाही.'

तात्या परतले तेव्हा त्या पाकीट चिकटवत होत्या. तात्यांनी मान तिरकी करून पत्ता वाचला.

"त्याच मासिकाला! छापतील?"

"हे नक्की छापतील."

"मग माझं नाव असेलच."

"नाही, तात्या. या वेळी नाही."

तात्यांनी पाकिटाकडे पाहिलं, मग फ्रीजरकडे.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मी तरी असं काय केलं म्हणा."

रोज जिन्यापर्यंत बाईंची पर्स आपणहून नेणारे तात्या त्या दिवशी खोकं तेवढं उचलून पुढे निघाले.