पाच सूत आणि एक टिंब

मित्रांनो, खिळ्याला लटकलेली दिसते म्हणून मला अडगळ समजू नका. मी एक जुनी लाकडी मोजपट्टी आहे. या शिड्यांच्या कारखान्यात एकेकाळी माझ्या शब्दाबाहेर करवतसुद्धा जात नसे. माझं अंग पिवळ्या, घट्ट लाकडाचं, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. ज्याने मला घडवलं त्याने माझ्या एका कडेला इंचाचे आठ भाग पाडले. त्यातल्या एका भागाला कामकरी माणसं सूत म्हणतात. दुसऱ्या कडेला त्याच इंचाचे त्याने दहा भाग पाडले. काही दीडशहाणे मला दुतोंडी म्हणायचे. म्हणू देत. तोंडं दोन असली तरी मी दोन गोष्टी सांगत नाही. इंच एकच असतो, फक्त त्याला विचारायच्या तऱ्हा दोन.

मला शाळा कुठली? अंगावरच्या रेघा हीच माझी शाळा. पण तेवढ्या शिक्षणावर मी पुष्कळ माणसं उंचावर चढवली आणि धड खाली उतरवली.

आमचे मिस्त्री शिडीच्या उभ्या दांड्यांना गिरमिटाने पाच सुताची भोकं पाडत. गोल पायऱ्यांची टोकंही पाच सुताचीच तासत. प्रत्येक टोकाला मला लावून बघत आणि म्हणत, "हिने हो म्हटलं की ब्रह्मदेवाला विचारायला नको." असं कौतुक झालं की मी खिळ्यावर जरा ताठ लटकायची. मग लाकडी हातोड्याने पायरी भोकात ठोकली जाई. ठोकावीच लागे, नुसती सरकत नसे. शेवटी मिस्त्री बोटाच्या पेराने पायरी वाजवत. घट्ट बसलेली पायरी 'टक्' म्हणते. तो 'टक्' ऐकला की शिडीच्या वरच्या टोकाला ते एक छोटं पान कोरत. ते पान म्हणजे त्यांचा शब्द होता.

मग नवं मशीन आलं. पायऱ्या आपोआप तासायचं. अंगावर चकचकीत काच आणि आकड्यांची बटणं. मिस्त्री नव्या सुनेपुढे सासऱ्याने जपून बोलावं तसे त्याच्यापुढे उभे राहिले. माप द्यायचं होतं पाच सूत, म्हणजे ५/८ इंच. आकडे सगळे होते, पण मधल्या रेघेचं बटण काही सापडेना. टिंबाचं मात्र होतं.

"रेघ नाही, टिंब आहे," मिस्त्री पुटपुटले. "असेल यांची लिहायची पद्धत." आणि त्यांनी टिंब दिलं, पाच दिला, आठ दिला.

मशीन गुरगुरलं आणि पायऱ्या पडू लागल्या. गुळगुळीत, एकसारख्या, देखण्या. आणि सगळ्याच्या सगळ्या चुकीच्या.

मी समोरच होते, मित्रांनो. पण मोजपट्टीला हात लावल्याशिवाय तोंड फुटत नाही, आणि त्या दिवशी मला हात लावायला कोणाला सवड होती!

पायऱ्या भोकात ठोकाव्या लागल्या नाहीत. आपणहून सरकल्या. मिस्त्री क्षणभर थांबले. मग म्हणाले, "लाकूड आटलं असेल. मशीन कशाला चुकतंय?" त्यांनी सरसात भुसा कालवला आणि फटी बुजवल्या. वाळल्यावर कोणाच्या बापाला कळलं नसतं. चूक हातभर असती तर दिसली असती. ही केसाएवढी होती, आणि अशी चूक माणसाला चढू देते.

पायऱ्या वाजवून बघितल्या नाहीत. पानं मात्र कोरली.

त्या खेपेतली एक शिडी मिस्त्रींच्या मेहुण्याने नेली. तो रंगारी. दुसरी एका वाटसरूने नेली. खांद्यावर घेता घेता तो हसून म्हणाला, "पोरांचे चेंडू सारखे छपरावर जातात हो. रोज शेजाऱ्याकडे शिडी मागायला लाज वाटते." मिस्त्रीही हसले. बाकीच्या भिंतीला टेकून गिऱ्हाइकाची वाट बघत उभ्या राहिल्या. वारा आला की त्यातली एखादी 'टुप्' करी. घट्ट पायरी कधी 'टुप्' म्हणत नाही. मी खिळ्यावर धूळ खात ते ऐकत राहिले.

एके दिवशी मिस्त्रींची थोरली बहीण आली. ती शाळेत गणित शिकवते. "ही पट्टी नेते रे आज वर्गात," ती म्हणाली.

"ने की, ताई. इथे नुसती टांगलेलीच आहे."

नुसती टांगलेली! ऐकलंत? असो.

वर्गात पुढच्याच बाकावर मिस्त्रींची मुलगी होती, सगळे तिला टिकली म्हणतात. खिडकीबाहेर शाळेची उंच भिंत रंगवायचं काम चाललं होतं. रंगारीमामा शिट्टी वाजवत शिडीवर उभा होता. त्याने पाय बदलला.

टुप्.

माझ्या पितळी टोप्या गार पडल्या.

ताईने फळ्यावर ५/८ लिहिलं. "पाच छेद आठ. दशांश अपूर्णांकात कोण लिहील?"

टिकलीने उभं राहून झोकात सांगितलं, "शून्य टिंब पाच आठ!"

"कसं गं?"

"रेघ पुसायची, टिंब द्यायचं. सोप्पंय, आत्या... म्हणजे, बाई."

वर्ग हसला. ताई नाही हसली. तिने मला उचलून उभं धरलं. "रेघ म्हणजे काय शोभेची काडी आहे? रेघ म्हणजे भागाकार. वरच्याला खालच्याने भागायचं. पाचात आठ जात नाहीत, म्हणून शून्य लिहा, टिंब द्या. पाचावर शून्य घ्या, झाले पन्नास. आठ सक अठ्ठेचाळीस. उरले दोन."

टुप्, बाहेरून आवाज आला.

"दोनावर शून्य, वीस. आठ दुणे सोळा. उरले चार. चारावर शून्य, चाळीस. आठ पंचे चाळीस. उरलं काही? नाही. म्हणून ५/८ म्हणजे ०.६२५." मग तिने माझ्या दोन्ही कडा मुलांपुढे धरल्या. "या कडेला पाच सूत बघा. त्याच्या समोर दुसऱ्या कडेला काय येतं? दहातली सहावी रेघ ओलांडून जरा पुढे. आता टिकलीचं ०.५८. टिंबानंतर दोन अंक, म्हणून छेद शंभर. अठ्ठावन्न छेद शंभर. दोनाने भागलं की एकोणतीस छेद पन्नास. ते सहाव्या रेघेच्या अलीकडेच राहिलं. एक रेघेच्या अल्याड, एक पल्याड. सारखी कशी असतील?"

"पण बाबा तर मशीनवर तसंच देतात," टिकली हिरमुसून म्हणाली.

ताईचा हात थांबला. "काय देतात?"

"टिंब, पाच, आठ. शिडीच्या पायऱ्यांना."

"आणि भोकं?"

"ती जुन्या गिरमिटानेच. पाच सुताची."

टुप्.

या वेळी ताईनेही ऐकलं. मला हातात घेऊनच ती बाहेर आली. धावली नाही. धावती बाई दिसली असती तर वरचा माणूस दचकून वळला असता.

"भाऊ," ती शांतपणे म्हणाली, "खाली या. पायरीच्या मध्ये पाय देऊ नका, दांड्याला चिकटून द्या."

"का हो ताई, रंग आवडला नाही वाटतं?"

"रंग झकास आहे. तुम्ही खाली या."

तिच्या आवाजात काहीतरी असावं. त्याची शिट्टी थांबली. एकेक पायरी तो उतरू लागला, आणि प्रत्येक पायरी टुप् म्हणत होती. पाय जमिनीला लागल्यावर त्याने सहज छातीजवळची पायरी धरून पिळली. वाळक्या सरसाचा चुरा भुरभुरला. पायरी गरकन फिरली. त्याने दोन्ही दांडे जरा फाकवले, तर टोक भोकातून निघून आलं.

पायरी हातात घेऊनच तो कारखान्यात शिरला, मागोमाग मला घेऊन ताई. "दाजी," त्याने हसायचा प्रयत्न केला, "तुम्हाला बहीण दिली, ती पुरली नाही? मलाही वर पाठवत होता?"

 मिस्त्रींनी ती पायरी घेतली. मग किती तरी दिवसांनी मला हात लावला. टोकाला लावून बघितलं.

"किती रे?" ताईने विचारलं.

"सहाव्या रेघेच्या अलीकडे," मिस्त्री म्हणाले आणि भुशातच खाली बसले.

भिंतीशी उभ्या असलेल्या शिड्या त्याच दिवशी करवतीखाली गेल्या. मामाचीही गेली. मिस्त्री त्या कापत होते आणि टिकली दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं, "बाबा, चेंडूवाल्या काकांची?"

करवत थांबली.

त्या माणसाचं नाव कोणी विचारलं नव्हतं. कुठून आला, कुठे गेला, कोणालाच ठाऊक नव्हतं. मिस्त्री आता मला लावल्याशिवाय एक पायरी बसवत नाहीत, आणि मशीनला माप देण्याआधी टिकलीकडून भागाकार करून घेतात. मला पुन्हा मान आला, पण तो गोड लागत नाही. कारण काम संपलं की मिस्त्री गल्ल्या-गल्ल्यांतून हिंडतात. लोकांच्या भिंतींकडे, अंगणांकडे, छपरांकडे बघत. अजून ती शिडी सापडलेली नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या पट्टीला पुसून, नीट जपून ठेवा, एवढं तर मी सांगणारच. वापरा म्हणजे तिलाही बोलता येईल. आणि रेघेच्या जागी टिंब द्याल, तेव्हा आधी भागाकार करा. आळस कराल तर तो भागाकार दुसऱ्या कोणाच्या तरी हाडांवर होईल.

आणि हे एक, हात जोडून. तुमच्या घरामागे एखादी बिनरंगाची शिडी असेल, वरच्या टोकाला छोटंसं पान कोरलेलं असेल, तर आज चेंडू छपरावरच राहू द्या.