शेळीने पलीकडे काय पाहिले

मी एक जुना पुठ्ठा आहे, मित्रांनो. माझ्या पोटावर एक गोष्ट लिहिली आहे आणि पाठीवर दुसरी. गंमत अशी, की मला वाचता येत नाही. हसू नका. तुम्हाला तरी स्वतःची पाठ कुठे दिसते?

जन्माने मी बुटांच्या खोक्याचे झाकण. शाळेतल्या बाईंनी मला कापले, दोन्ही अंगांना पांढरा कागद चिकटवला आणि टपोऱ्या अक्षरांत लिहायला बसल्या. अंगावरून मुंग्यांची रांग चालल्यासारखे वाटले. मग वरून प्लॅस्टिक चढले. मुंग्या काय सांगून गेल्या, ते मला मुलांच्या तोंडूनच कळायचे होते. पोटावर दुसरीच्या मुलांसाठी शेळीची गोष्ट होती, पाठीवर तिसरीसाठी होडीची.

दर महिनाअखेरीला बाईंच्या टेबलापुढे मुलांची रांग लागे. एकेकाने यायचे, मला धरायचे आणि मोठ्याने वाचायचे. एक मिनिट झाले की टेबलावरचे घड्याळ किणकिणायचे. बाई शब्द मोजायच्या आणि भिंतीवरच्या तक्त्यात नावापुढे ठिपका लावायच्या. अडखळणाऱ्याला लाल, बऱ्याला पिवळा, सरसर वाचणाऱ्याला हिरवा. लाल ठिपक्याची मुले दुपारी बाईंपाशी बसून वाचत. हिरव्यांची त्यातून सुटका. मुलांनी गाणेच केले होते:

लाल ठिपका, पिवळा ठिपका, हिरव्याची घाई,
वाचता वाचता मध्येच थांबा, म्हणतात बाई.

मिनिटाच्या आत कुणाची गोष्ट संपू नये, म्हणून बाईंनी ती मुद्दाम लांब ठेवली होती. त्यामुळे शेळी डोंगर चढायची, काटे तुडवायची, माथ्यावर पोचायची. ‘तिने पलीकडे पाहिले, तर’ आणि किणकिण. वर्गातले सर्वांत तरबेज मूलही इथवरच यायचे. दोन वर्षे मी त्या माथ्यावर लटकलो होतो. मला वाटू लागले, गोष्टी अशाच असतात. शेवटी घंटा होते.

रांगेत कायम शेवटी उभी राहणारी एक मुलगी होती. मुले तिला शेपटी म्हणत. पहिल्या महिन्यात तिचे जेमतेम नऊ शब्द झाले. दुसऱ्या महिन्यात तीस. तिसऱ्या महिन्यात तिची शेळी थेट माथ्यावर. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

“अगं, तू तर पळायलाच लागलीस.”

हिरवा ठिपका लागला. शेपटी तक्त्याकडे बघत राहिली.

“शनिवारी आई येणार आहे बघायला. दारातून दिसेल ना तिला?”

“दिसेल की. हवा तर थोडा मोठा करते.”

मी मात्र बुचकळ्यात पडलो. इतरांची बोटे माझ्यावरून सरकत. हिचे बोट एकाच जागी चिकटलेले आणि नजर खिडकीबाहेर. म्हटले, पटाईत वाचणारे असेच वाचत असतील.

शुक्रवारी बाईंनी तिला पुन्हा बोलावले. आईपुढे वाचायचे, तर एकदा सराव करू, म्हणाल्या. नुकतीच तिसरीची मुले वाचून गेली होती, त्यामुळे मी पाठ वर करून पडलो होतो. शेपटीने मला तसाच उचलला आणि सुरुवात केली, “एक शेळी होती...”

मी चक्रावलो. समोर होडी, आणि ही वाचते पोटावरची शेळी. हिला माझ्या आरपार दिसते की काय? खोटे कशाला सांगू, ऊर भरून आला माझा.

बाईंनी मात्र घड्याळ मिनिटाआधीच बंद केले.

“कुठे ऐकलीस गं सगळी?”

“रांगेत. शेवटी उभं राहिलं की सगळ्यांची ऐकायला मिळते.”

“आणि वाचायला?”

“जोडाक्षर आलं की अडतं.” तिने मला टेबलावर ठेवले. “पण बाई, ठिपका पुसू नका. उद्या आई येणार आहे.”

“हिरवा ठेवला तर दुपारी माझ्यापाशी बसणार नाहीस. मग तुला शिकवायचं कुणी?”

भिंतीवर खोडरबर घासल्याचा आवाज मी ऐकला.

दुसऱ्या दिवशी आई आली. शेपटी बाकाखाली काहीतरी शोधत बसली. बाईंनी सारे सांगितले. आईने तक्त्यावरच्या लाल ठिपक्यावर बोट ठेवले.

“सगळी गोष्ट नुसती ऐकून पाठ केली हिनं? मग कान तिखट आहेत म्हणायचे. आता डोळ्यांनाही लावा कामाला. ये गं बाहेर, काय सांडलंय तिथं?”

त्यानंतर माझी रवानगी खणात झाली, खडूंच्या तुकड्यांत. भिंतीवर लाल, खणात मी. चूक नेमकी कुणाची? मी तर जे अंगावर होते तेच दाखवत होतो. अंधारात फार विचार केला, पण गुंता सुटला नाही.

कितीतरी दुपारींनंतर खण उघडला. शेपटी होती.

“हा वाचू? घड्याळ लावा.”

“घड्याळ राहू दे आज,” बाई म्हणाल्या.

तिचे बोट माझ्यावर आले आणि, मित्रांनो, ते सरकू लागले. अडले, मागे गेले, पुन्हा निघाले. माथ्यापर्यंत पोचायला इतका वेळ लागला, की खिडकीतले ऊन टेबलावरून खाली उतरले. ‘तिने पलीकडे पाहिले, तर’. मी घंटेसाठी अंग चोरले. घंटा झालीच नाही.

“तर... दु-स-री एक शेळी वर येत होती. ति-लाही पली-कडचं पाहायचं होतं.”

शेपटीने दोनदा वाचले आणि फसकन हसली.

“हे रांगेत कुणीच नाही म्हटलं.”

“कुणी पोचलंच नव्हतं इथवर,” बाई म्हणाल्या.

त्या दिवशी मिनिटाला किती शब्द झाले, कोणता ठिपका लागला, मला ठाऊक नाही. मोजण्यातले मला अजूनही फारसे उमगत नाही. तुम्ही मोजा, जरूर मोजा. न मोजता कोण कुठे अडले हे कळायचे कसे? फक्त एखाद्या दुपारी घड्याळ पालथे घाला आणि जो शेवटी उभा आहे त्याच्यापाशी बसा.

आता माझे कोपरे उसवलेत, प्लॅस्टिक पिवळे पडले आहे. मला दोन्ही हातांनी धरा. आणि सवड असेल, तर मला उलटा करा. पाठीवरची ती होडी अजून नदीच्या मध्यावरच अडली आहे. पुढे तिचे काय झाले, कुणीतरी सावकाश वाचून सांगा.