कडू सुरंजन

श्रीपादने कांद्याच्या मुळाचे टोक काचपट्टीवर ठेवले, त्यावर लाल रंगाचा थेंब सोडला आणि वर पातळ काच ठेवून अंगठ्याने दाबली. आठ दिवस घरात कुणाला धड झोप नव्हती, अंगठ्यातही जोर उरला नव्हता. त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

नांदेडजवळच्या कापसाच्या सरकारी शेतावर पेशी मोजणे हे त्याचे रोजचे काम. आज मात्र काचेखाली कापूस नव्हता. मुळे फुटलेले दोन कांदे त्याने काल दोन पेल्यांवर बसवले होते. एकात विहिरीचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या वडिलांच्या, म्हणजे निवृत्त शाळामास्तर असलेल्या नानांच्या औषधाचा उरलेला गाळ कालवलेले पाणी. नानांच्या गुडघ्यांसाठी सुरंजन नावाच्या कंदाची पूड पूर्वीपासून चालू होती, पण गेले आठ दिवस ओकाऱ्या आणि जुलाब थांबत नव्हते. डॉक्टर सगळा बोल वयाला लावत होते. सुरंजन दोन जातींचे असते, गोड पोटात घ्यायचे आणि कडू वरून लावायचे, कारण कडव्यात विष असते, एवढे श्रीपादला ठाऊक होते. विचारून खात्री करता आली असती. पण औषध देणारे मदारसाब अत्तार नानांचे लहानपणापासूनचे मित्र, त्यांना कोणत्या तोंडाने विचारणार?

पहिली काच साध्या पाण्यातल्या मुळाची होती. तिथे सगळे सुरळीत चालले होते. एका पेशीत दुप्पट झालेली गुणसूत्रे मधोमध रांगेत उभी होती आणि दोन्ही टोकांकडून निघालेल्या तंतूंची, चरख्यावर असते तशी, अंधूक चाती त्यांना धरून होती. शेजारच्या पेशीत त्याच तंतूंनी जोड्या सोडवून निम्मी इकडे, निम्मी तिकडे ओढून नेली होती. इकडे सोळा, तिकडे सोळा. कुणी न सांगता इतकी चोख वाटणी होते, याचे इतक्या वर्षांनंतरही त्याला बरे वाटे.

दुसऱ्या काचेत चाती नव्हतीच. गुणसूत्रे दुप्पट झाली होती, पण ओढून नेणारे कुणी नसल्यामुळे सांडलेल्या काड्यांसारखी पेशीभर पडली होती. त्याने मोजली. एकाच पेशीत बत्तीस. पुन्हा मोजली, तरी बत्तीसच.

कडू सुरंजन चाती उभी राहू देत नाही, हे त्याने वाचले होते. कापसाची गुणसूत्रे अशीच दुप्पट करून पाहण्यासाठी त्याने साहेबांकडे वर्षभर त्याच विषाची मागणी लावून धरली होती. म्हणून पहिल्या क्षणी त्याला आनंद झाला. मग त्या आनंदाचीच शरम वाटली आणि त्याने सायकल काढली.

नांदेडातल्या इतवारा भागातल्या घरी नाना भिंतीला टेकून बसले होते. श्रीपादची बायको विमल त्यांच्यासमोरचे घमेले धुऊन आणत होती.

"नाना, ते औषध आजपासून बंद. कडू सुरंजन आहे ते. मी तपासलं."

"कशावरून?"

"कांद्याच्या मुळावरून."

नाना हसले आणि हसताना पोट धरले.

"तीस वर्षं गोड सुरंजन खाल्लंय मी. जिभेला कळत न्हाई काय?"

विमल घमेले हातात धरून तशीच उभी राहिली.

"मग घेऊन का राहिलात?" श्रीपादचा आवाज चढला.

"मदारच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. वर्ष झालं, कुणाला सांगत न्हाई. डबे बदलले ते त्याला दिसलं न्हाई. मी म्हटलं, ह्या डब्यातल्यानं मला लई गुण आहे, एकट्या माझ्यासाठी ठेव, दुसऱ्या कुणाला देऊ नको. तवापासून रोज स्वतः आणतो, स्वतः कालवून देतो."

"त्यांनाच सांगायचं होतं."

"सांगितलं की उद्या दुकान बंद करंल तो. अन् बाहेर खबर गेली तर? अत्तारानं मास्तरला विष घातलं म्हणतील. ह्या दिवसांत तेवढं लई झालं रे."

चौकात रझाकारांची कवायत सुरू झाल्यापासून गल्लीतली निम्मी घरे भरदिवसा कडी लावून असत. श्रीपादला नानांचा भयंकर राग आला होता आणि तो राग कुठे ठेवावा हे कळत नव्हते.

"डबा संपत आलाय," नाना समजूत घातल्यासारखे म्हणाले.

तेवढ्यात दारातून हाक आली. मदारसाब चौकट चाचपत आत आले, नेहमीच्या जागी बसले.

"तबियत कशी हाय, रेणुकादास?"

"लई बरी," नाना म्हणाले.

मदारसाबांनी पुडी सोडून पाण्यात कालवली. निम्मी पूड चटईवर सांडली. मग त्यांनी पेला पुढे धरला, नानांच्या खांद्यापासून वीतभर बाजूला.

"आणा चाचा, मी देतो," श्रीपाद म्हणाला.

पेला हातात घेऊन तो थांबला. विमलने न बोलता घमेले त्याच्यापुढे धरले. कडेकडेने, आवाज होऊ न देता, त्याने औषध ओतून टाकले आणि रिकामा पेला नानांच्या हातात दिला.

नानांनी एकदा पेल्यात पाहिले, एकदा मुलाकडे. मग पेला तोंडाला लावला आणि मदारसाबांना ऐकू जाईल असा मोठ्याने घोट घेतला.