भिताडं राखणारी

"चल, गाडी काढलीया खाली," यशराज दारातून म्हणाला. "दुपारी उचलायची म्हणत्यात म्हातारीला."

संयोगिताला भावाचा, गुंडूदादाचा, फोन येऊन गेला होता. पहाटे आई गेली. ती ओढणीचा बोळा तोंडात कोंबून सोफ्यावर बसली होती. नवऱ्यासमोर रडायचं नाही, एवढं ठरवलेलं.

"तुम्ही व्हा पुढं. मी येते मागनं."

"आई तुझी हाय की माझी?"

ती येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

राजारामपुरीतला हा फ्लॅट दोघांच्या नावावर. त्यात तिच्या पाटल्या गेल्या, दवाखान्यातल्या नोकरीचा पगार गेला. यशराजला आता काडीमोड हवा होता आणि फ्लॅट फुंकून मोकळं व्हायचं होतं. वकीलबाईंनी तिला बजावलं होतं, "तुमच्या सहीशिवाय विकता येणार नाही. पण घर सोडू नका. एकदा बाहेर पडलात की आत येताना घाम फुटेल." बाईंनी सांगितलं ते माहेरी कायमची राहायला जाऊ नका म्हणून. हिनं ते असं काही धरलं की दिवाळीला गेली नाही, आई अंथरुणाला खिळली तरी माहेरी कोडोलीला गेली नाही, नोकरीवर रजा टाकून दाराशी बसली. बरं, भीती काही उगाच नव्हती. गौरीला माहेरी गेली, तेवढ्यात धाकटा दीर सम्राट कुलूप बदलायला कुलूपवाल्याला घेऊन हजर. शेजारच्या कालिंदीकाकूंनी आरडाओरडा केला म्हणून निभावलं.

"सम्राट कुठाय?" तिनं विचारलं.

यशराज हसला. आई मेलेल्या बाईसमोर हसायला काळीज वेगळंच लागतं, ते याच्यापाशी होतं.

"बस मग भिताडं राखत," म्हणाला आणि जिना उतरला.

तिनं कडी घातली, साखळी लावली, वर दाराला खुर्ची टेकवली. गुंडूदादाचे फोन येत राहिले.

"कुठवर आलीस?"

"निघालेच."

"अगं, माणसं खोळंबल्यात. आईचं तोंड बघणार हाईस का न्हाईस?"

आता मात्र तिच्यानं राहवेना. मरो तो फ्लॅट, म्हणत तिनं खुर्ची बाजूला केली, पायात चप्पल घातली. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. सम्राट! मेला टपूनच बसला होता. ती दाराला पाठ लावून उभी राहिली. पावलं दारावरून वर गेली, वरच्या मजल्यावर कुणीतरी बेल वाजवली. तरी तिनं चप्पल काढली, खुर्ची परत दाराला टेकवली.

"दादा," ती फोनवर म्हणाली, "तुम्ही उरका."



"बरं," तो म्हणाला. माहेर तुटलं ते त्या एका शब्दात, आणि तिला ते तिथंच कळलं.

संध्याकाळी यशराज आला तो ओल्या केसांनी. दाराबाहेरच थांबला. मयतीहून आलेला माणूस पायावर पाणी घेतल्याशिवाय आत येत नाही. ती तांब्या घेऊन आली.

"लई वाट बघितली तुझी," तो म्हणाला. "म्हातारीला अंगणात ठिवून बायका म्हणत हुत्या, लेक येऊ दे. मी सांगितलं, येत न्हाय. घर राखाय बसलीया."

ती खाली मान घालून पाणी ओतत राहिली.

"जावई असून खांदा दिला मी. पलीकडनं सम्राट. सकाळपासनं तिथंच हुता त्यो. लाकडं त्यानंच आणली."

तांब्या हातात तसाच राहिला.

"सकाळपासनं?"

"व्हय. तुझ्या घराकडं बघाय येळ कुणाला हुता?"

"मग जाताना का न्हाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर इश्वास ठेवला असतास?"

तो आत गेला, टीव्ही लावून बसला.

आई गेली की लेकीनंही डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं. ती बाथरूममध्ये गेली, नळ पूर्ण सोडला आणि कपड्यांनिशी खाली बसली. तेव्हा कुठं ती मोठ्यानं रडली, आईला हाका मारमारून रडली. एका हातानं गार पाणी डोक्यावर घेत होती. दुसऱ्या हाताची मूठ तिनं काही केल्या उघडली नाही. मुठीत दाराची किल्ली होती.