हॉलमधला तो आणि आतला मी

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. बत्तीस इंची, स्वस्तातला आणि स्वभावाने मत्सरी. शेवटची गोष्ट तुम्हाला पुढे कळलीच असती, म्हणून आधीच सांगून टाकली.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथून थर्मोकोलमध्ये गुंडाळून मला अंधेरीच्या एका दुकानात आणलं. खोक्यातून बाहेर येतो तो काय, शेजारी ‘तो’ बसलेला. कंपनी वेगळी, पण किंमत आणि लांबीरुंदी माझ्याएवढीच. फक्त त्याचा पडदा आरशासारखा चकचकीत होता. त्याच्यावर रात्रीचं दृश्य लागलं की काळा रंग काजळासारखा गडद दिसे. माझा काळा रंग म्हणजे पुसलेली पाटी. दिवसभर आम्हा दोघांवर तेच पोपट आणि तेच मासे फिरत, आणि गिऱ्हाइकं मात्र त्याच्याच पोपटांना वाहवा म्हणत. पोपट एकच होते हो! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होई.

गुण माझ्यातही होते. मला कुठल्याही कोपऱ्यातून बघा, चित्र फिकं पडत नाही. समोर दिवा असला तरी तो माझ्या पडद्यावर चमकत नाही. पण दुकानात कोपऱ्यातून बघतो कोण? विक्रेता सगळ्यांना बरोबर समोर उभं करायचा, आणि समोरून तो राजबिंडा दिसायचा.

एके दिवशी मरोळच्या गावठाणातून ग्लेनरॉय आणि त्याची बायको बेव्हर्ली आली. त्यांना दोन टीव्ही हवे होते, एक हॉलमध्ये आणि एक आतल्या खोलीत. ग्लेनरॉयला फुटबॉल आणि मारामारीचे सिनेमे बघायचे होते. त्याच्या आईचे, ल्युसीमम्माचे, गुडघे गेले होते. चर्चची पायरी चढता येत नव्हती, म्हणून तिला रविवारचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, घरीच टीव्हीवर बघायची होती. पण ती दुकानात आली नव्हती. तिला काय, फादर दिसले म्हणजे झालं, असं ग्लेनरॉय म्हणाला. मग बेव्हर्लीने आधी त्या चकचकीत पडद्याकडे आणि नंतर माझ्याकडे बोट केलं. “हा हॉलमध्ये, तो आत.” झालं, लागला माझा निकाल.

या घराच्या हॉलमध्ये आल्तार आहे. येशूची तसबीर, मारियेची मूर्ती, कागदी फुलं आणि त्यांच्यापुढे एक लाल दिवा. तो रात्रंदिवस जळतो, कधीच बंद करत नाहीत. देवाच्या भिंतीवर टीव्ही लावायचा नाही, हाही या घराचा नियम. म्हणून त्याला आल्तारासमोरच्या भिंतीच्या मधोमध टांगलं. मला आतल्या खोलीत कपाटाशेजारी अडकवलं.

आतून मला तो दिसत नसे. दारातून फक्त त्याच्याकडे बघणारी माणसं दिसत. त्याचा उजेड त्यांच्या तोंडांवर पडे, ती हसत, ओरडत, आणि मी इथे अंधारात जळत राही. त्याला चष्म्याच्या मऊ फडक्याने पुसत. मला वाटलंच तर जुन्या बनियनने, नाहीतर तेही नाही. नाताळात कुस्वाराचा गोड फराळ खायला आलेले पाहुणे त्याचं कौतुक करत, आणि त्यांच्या पर्स आणि ओढण्या आतल्या पलंगावर माझ्यासमोर टाकत. बेव्हर्ली इस्त्री करताना तेवढी मला लावायची. पुढे पुढे माझ्या कोपऱ्यावर ओले मोजे वाळत घालू लागली. रविवारी तर कहर होई. फादर पवित्र भाकर उंच करत आणि बेव्हर्ली त्या मेल्यासमोर गुडघे टेकी. ती देवापुढे वाकतेय हे मला कळत होतं. तरी पोटात दुखायचं ते दुखायचंच.

ल्युसीमम्माची खुर्ची मला दारातून नीट दिसायची. आल्ताराच्याच भिंतीला, पण पार दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराशी. तिथे बसून ती लसूण सोलायची, सुनेशी बोलायची आणि मिस्सा बघायची. एका रविवारी माझ्या लक्षात आलं की ती डोळे बारीक करतेय. मग ती मान डावीउजवीकडे हलवू लागली. काही आठवड्यांनी तिने टीव्हीकडे बघणंच सोडलं, नुसती ऐकत बसायची. डोळे गेले, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. एकटी असली की ती हात डोळ्यांसमोर धरून बोटं हलवून बघायची. घाबरलेली दिसायची. मुलाला मात्र बोलली नाही.

ती टीव्हीकडे बघतच नाही हे पाहून शेवटी ग्लेनरॉयनेच तिला डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू काढलेले डोळे उत्तम आहेत, डॉक्टर म्हणाले. मग टीव्हीत दिसत का नाही, असं त्याने घरी आल्यावर तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली की टीव्हीत सगळे पांढरे पांढरे दिसतात आणि मधोमध लाल ठिपका असतो. ग्लेनरॉयने आल्ताराकडे पाहिलं. मिस्सा चालू असताना तेवढा दिवा बंद करू या, असं तो म्हणाला. ल्युसीमम्माने मान हलवली. “दिवा विझवायचा नाय. मना नाय दिसला तरी चालेल.” त्यावरून दोघांचं वाजलं, आणि म्हातारी काठी टेकत आत निघून आली.

बेव्हर्ली इस्त्री करत होती. मी चालू होतो, माझ्यावर कुठल्याशा चर्चचा मिस्सा चालला होता. ल्युसीमम्मा दाराजवळ पलंगाच्या कडेला, म्हणजे जिथून मी पार तिरका दिसतो तिथे टेकली. बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “बेव्हर्ली, मना फादरांचं तोंड दिसतंय गं.”

मित्रांनो, मी किती फुशारलो म्हणून सांगू! त्या दिवसापासून ती माझ्यासमोर बसू लागली. दर रविवारी फक्त ती आणि मी. हॉलमध्ये ग्लेनरॉय सामना लावायचा, गोल झाला की आरडाओरडा व्हायचा. तसा आवाज आला की ल्युसीमम्मा मिस्सा सोडून दाराकडे बघायची. लसूण सोलायला आता तिच्यापुढे कोणी ठेवत नव्हतं. तिच्या तोंडावर तेव्हा जे दिसायचं ते मला चांगलंच ओळखीचं होतं. हॉलमधला उजेड आतून बघताना मलाही अगदी तसंच वाटत आलं होतं. मला हवं होतं ते माणूस मिळालं होतं, पण ते माझ्यासारखंच आत टाकलेलं.

एका रविवारी बेव्हर्ली दमून मम्माच्या रिकाम्या खुर्चीत बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. हॉलमधला टीव्ही चालू होता. तिने मान इकडे केली, तिकडे केली, मग नवऱ्याला हाक मारली. “तू इथे बस आणि बघ.” ग्लेनरॉय बसला. समोरचे खेळाडू पिठात लोळल्यासारखे पांढरे झाले होते आणि त्यांच्या बरोबर मध्ये, आरशात दिसावा तसा, आल्ताराचा दिवा लाल जळत होता. तो उठून स्क्रूड्रायव्हर घेऊन आला.

आता मी हॉलमध्ये आहे. ल्युसीमम्मा तिच्या खुर्चीत आहे, मांडीवर लसणाची परडी आहे आणि दिवा जळतोच आहे. तो गेला आत. तिथे पडदे ओढून ग्लेनरॉय बरोबर त्याच्यासमोर पडून सिनेमे बघतो. काय काळा रंग आहे यार, झकास, असं परवा तो म्हणाला आणि मला पुन्हा ठसका लागला. स्वभावाला औषध नाही.

पण तुम्हाला एक विनवणी करतो. टीव्ही घ्यायला जाल तेव्हा दुकानात त्याच्यासमोर उभे राहण्याआधी घरातल्या सगळ्यात कडेच्या खुर्चीत जाऊन बसा. तिथे रोज जे माणूस बसतं, ते तुम्हाला कधीच सांगणार नाही की त्याला दिसत नाही.