फरशीवरच्या फुगड्या

अमरावतीच्या कँपातला एक साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. खुशालरावांनी तिथून हिरव्या लिनोलियमची, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या जाड मेणकापडाची, भली मोठी गुंडाळी उचलली आणि अकोल्याला जठारपेठेतल्या घरी आणली. घरच्या फरश्या जुन्या, कुठं वर आलेल्या, कुठं खचलेल्या. घरी हारफुलांचा धंदा; टोपल्या नेता-आणता त्यांच्या बायकोला, मैनाबाईंना, रोज ठेच लागायची. आता मऊ, सपाट जमीन होईल, म्हणून खुशालराव खुशीत होते.

पण गुंडाळी उलगडली, तर खालच्या फरश्यांच्या कडा वरून बरगड्यांसारख्या दिसू लागल्या.

"फरशी सारखी केल्याबिगर हे बसत नायी," सहदेव बापाला म्हणाला. त्यानं गुंडाळी परत बाजूला केली आणि बत्त्यानं ठोकठोक ठोकून पोकळ वाजणाऱ्या फरश्या शोधल्या. तरी चालताना पायाखाली खटखट होतच होती. नेमकी कोणती हलते, ते कळेना.

त्याची बायको जमुना हिवरखेडची, यंदाच लग्न होऊन आलेली. सासूसमोर तिचं तोंड फारसं उघडत नसे. पण आज तिला राहवलं नाही.

"आत्याबाई, फुगड्या खेळल्या तर? वजन पडलं का हलणारी फरशी आपोआप बोलीन."

"काहून? फुगड्या खेळाले हे घर बांधलं काय?" मैनाबाई बाजेवरून गरजल्या.

जमुनाचा चेहरा उतरला. पण खुशालराव मोठ्यानं हसले. "खेळू दे वं! बत्त्यानं तर काई जमलं नायी."

हार ओवायला आलेल्या बेबीताई आणि शकुन पदर खोचून तयारच होत्या. पावलाला पाऊल लावून, हात गुंफून गिरक्या सुरू झाल्या. खट्! "हालली वं माय!" शकुन ओरडली. सहदेवनं धावत जाऊन गेरूची फुली मारली. मग गल्लीतल्या बाया आल्या, बांगड्या वाजू लागल्या, सहदेव फुल्या मारता मारता मेटाकुटीला आला. एकदा तर जमुना आणि बेबीताई चक्क त्याच्या अंगावर पडल्या.

"अवं, त्या कोपऱ्यात कोणीच गेलं नायी!" मैनाबाईंनी बाजेवरून बोट दाखवलं. कोणी हलेना, तशा त्या स्वतःच उठल्या. "ये इकडं, जमुना. जरा हळू फिर, माहे गुडघे दुखतात."

सासूचे हात जमुनानं पहिल्यांदाच हातात घेतले. राठ, फुलांच्या देठांनी हिरवे झालेले. दोघी हळूहळू फिरल्या, मग मैनाबाईंनीच वेग धरला. पायाखाली एक फरशी खडखडली आणि त्या लहान मुलीसारख्या किंचाळल्या, "सापडली!"

मग कामाला जोर आला. हलणाऱ्या फरश्या काढून खाली चुना-रेती भरली, दोरी ताणून सगळ्या एका पातळीत बसवल्या. सांधे बुजवले, वर्षानुवर्षांचा तेलकट मळ सोड्यानं घासून काढला. घाईनं ओल्यावर अंथरू नका, असं गल्लीतला एक गवंडी सांगून गेला होता. म्हणून दारं-खिडक्या उघड्या ठेवून जमीन खडखडीत वाळू दिली. लिनोलियम उन्हात टाकून नरम केलं, आणि एका सकाळी ते असं बसलं की कुठं सुरकुती म्हणून नाही.

मैनाबाई चपला काढून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालल्या, मग परत आल्या. पाट न घेता मधोमध बसल्या आणि म्हणाल्या, "जमुना, आज पानं इथंच घे. सायबालेबी असं जेवाले भेटलं नसन."