दोघींचं पिंप

थोरली आणि धाकटी, सख्ख्या जावा. एका भिंतीला लागून दोघींची घरं, दोघींचे नवरे जाऊन वर्षं झालेली, आणि खोलीच्या वाटणीवरून बोलणं बंद. बंद म्हणजे काय, दारात समोरासमोर आल्या तरी तोंड फिरवायच्या! पण पाण्याची टाकी चढाच्या तळाशी, आणि भरलेलं पिंप दांड्याला अडकवून दोघींनी मिळून खांद्यावर घ्यायचं. त्या चढावर मात्र दोघींना बोलायला वेळ पुरायचा नाही. कुणाच्या सुनेनं काय केलं, कोणता गुडघा दुखतोय, सगळं निघायचं. पिंप खाली टेकलं की पुन्हा अबोला.

मग शहरातून एक डिझायनर बाई आल्या, रोजच्या कामाची साधनं घडवणाऱ्या. भल्या होत्या, खोटं कशाला बोला. महिनाभर चढाची मापं घेतली आणि घरटी एक गाडी दिली, दोन चाकांची, पिंप ठेवून एकटीला ओढता येईल अशी. सगळी गल्ली खूश. थोरलीही पहिले दोन दिवस मिरवली. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की परवापासून आपण कुणाशी एक शब्द बोललेलो नाही. घर नुसतं खायला उठलं.

दोन आठवडे तिने कळ काढली. मग एका सकाळी चाकाची खीळ स्वतःच उपटली, गटारात टाकली आणि धाकटीचं दार वाजवलं.

"गाडी मोडली गं. दांडा आहे का तुझ्याकडे?"

धाकटीची स्वतःची गाडी दाराशीच उभी होती, पण तिने ती काही पुढे केली नाही. "आहे की, जाऊबाई," म्हणाली आणि दांडा काढायला आत गेलीसुद्धा. थोरलीच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात आठवड्याच्या फेरीला डिझायनर बाई गल्लीत हजर! मोडकी गाडी दिसताच हातोडी काढून खालीच बसल्या आणि हां हां म्हणता नवी खीळ ठोकली.

"आता निखळायची नाही, मावशी. कुणाला हाक मारायला नको!"

धाकटी दांडा घेऊन बाहेर आली होती. तिने गाडी पाहिली, थोरलीकडे पाहिलं नाही. दार लागलं.

थोरलीचे डोळे भरून आले. "कशाला केलंत हो? आमच्यात बोलणं नाही, बाई. त्या दांड्याखाली तेवढं व्हायचं."

बाईंनी हातोडी खाली ठेवली. "अहो, मग आधी का नाही सांगितलंत? मी तर दर आठवड्याला विचारत होते."

"तुम्ही पाठीचं विचारत होता," थोरली म्हणाली. "पाठ बरी आहे."